वस्तरा खाली ठेवायला सांगणारा माणूस

रविवार हा महाराष्ट्रात हजामतीचा वार आहे. पुण्याच्या कोणत्याही पेठेत सकाळी आठनंतर केशकर्तनालयाच्या बाकावर जागा मिळणे कठीण. आठवडाभर घाईघाईने गालावरून पाते फिरवून कचेरी गाठणारे गृहस्थ या दिवशी मान मागे टाकून निवांत बसतात. गरम पाण्याचा हात, साबणाचा दाट फेस, वस्तऱ्याची खरखर आणि शेवटी तुरटीच्या खड्याचा गार चटका, या क्रमाने मिळणारे हे छोटे सुख कित्येक पिढ्यांच्या अंगवळणी पडले आहे. या सुखाचे दोन धागे एकाच माणसापाशी जाऊन पोहोचतात, याची जाणीव मात्र क्वचितच कोणाला असते. गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी ज्याने मिळवून दिली, त्यानेच त्याच वर्षी मुंबईतील नाभिक कारागिरांना एका विशिष्ट कामासाठी वस्तरा हाती न धरण्याचा निर्धार करायला लावला. ते वर्ष होते १८९० आणि त्या माणसाचे नाव नारायण मेघाजी लोखंडे.

भारतीय कामगार चळवळीचे जनक म्हणून लोखंडे यांचे नाव पाठ्यपुस्तकात येते. एका ओळीत येते आणि पुढे सरकते. त्यांच्या एकोणपन्नास वर्षांच्या आयुष्यात वस्तऱ्याचा प्रसंग जेमतेम काही आठवड्यांचा आहे. तरीही लोखंडे नेमके कोण होते आणि त्यांची विचार करण्याची रीत कोणती होती, हे त्या प्रसंगाइतके दुसऱ्या कशातूनही स्पष्ट होत नाही.

धोकटीतले हत्यार

हा प्रसंग समजून घ्यायचा तर आधी वस्तरा समजून घ्यायला हवा. बोटभर रुंदीचे पोलादी पाते, त्याला शिंगाची किंवा लाकडाची दुभंगलेली मूठ आणि त्या मुठीत मिटून बसण्याची सोय, एवढाच त्याचा जामानिमा. पात्याचा कणा जाड असतो आणि तो धारेकडे निमुळता होत जातो. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील शेफील्ड शहराचे वस्तरे जगभर नावाजलेले होते. गावोगावचे लोहारही आपल्या परीने वस्तरे घडवीत. अशा वस्त्यऱ्याची निगा हीच एक विद्या होती. बारीक पोताच्या दगडावर पाण्याचे चार थेंब टाकून पाते घासताना कणा आणि धार दोन्ही दगडाला टेकलेली ठेवावी लागतात आणि धार पुढे सरकते. चामड्याच्या पट्ट्यावर मात्र तेच पाते उलट दिशेने ओढायचे असते. तेथे कणा पुढे आणि धार मागे राहते, अन्यथा चामडेच कापले जाते. केस गरम पाण्याने मऊ करणे, डाव्या हाताच्या बोटांनी कातडी ताणून धरणे, पाते फार उभे अथवा फार आडवे होऊ न देणे, हनुवटीच्या वळणावर मनगट सैल सोडणे, हे सारे हाताला वर्षानुवर्षांच्या सरावाने येते.

या कौशल्याला जोड होती विश्वासाची. उघड्या गळ्यावर दुसऱ्याच्या हातातील धार फिरू देणे, हा व्यवहार विश्वासाशिवाय होत नाही. गावगाड्यातील बारा बलुतेदारांमध्ये नाभिकाची जागा त्यामुळे वेगळी होती. त्याच्या धोकटीत वस्तरा, कातर, नराणी, वाटी, आरसा आणि दगड असे. त्याच्याकडे कामेही अनेक होती. तेल लावून अंग रगडणे, तुंबडी लावणे, जखम बांधणे, लग्नकार्यात निरोप पोहोचवणे, मिरवणुकीत दिवटी धरणे हे सारे त्यानेच करायचे. मोबदला सुगीला धान्याच्या रूपाने मिळे. शहरात हळूहळू पैशांचा व्यवहार सुरू झाला. घराघरांतल्या माणसांची गुपिते ज्याला ठाऊक, तो माणूस मात्र घराच्या ओसरीपलीकडे सहसा येत नसे.

रोजच्या दाढीची सवय त्या काळी नव्हती. पुण्याच्या वाड्यांमध्ये पुरुषांचे क्षौर वार आणि तिथी पाहून होई. डोक्याच्या मध्यभागी घेरा आणि शेंडी राखून बाकीचे डोके तासले जाई, दाढी काढली जाई आणि मिशा ठेवल्या जात. नाभिक ठरलेल्या वारी घरी येई, अंगणात किंवा ओसरीवर बैठक मारी आणि घरातील पुरुष एकेक करून त्याच्या समोर बसत.

त्याच वाड्यांत कधी तरी त्याला मागच्या दाराने बोलावणे येई. तेव्हा समोर बसणारी व्यक्ती स्त्री असे. ब्राह्मण आणि त्यांच्या अनुकरणाने काही अन्य वरिष्ठ जातींमध्ये नवरा वारला की विधवेचे केशवपन करण्याची चाल होती. बालविवाहाच्या प्रथेमुळे ही विधवा पुष्कळदा अजाण वयाची असे. तिचे केस उतरवले जात, तिला आलवण नेसवले जाई आणि मंगलकार्यातून तिचे नाव कायमचे पुसले जाई. केस एकदा काढून हे संपत नसे. ते वाढत, आणि ठरावीक दिवसांनी पुन्हा तोच वस्तरा, तोच कोपरा, तीच खाली झुकलेली मान. ज्या विधवेने केस राखले ती सकेशा, आणि सकेशा विधवेच्या हातचे पाणीदेखील सोवळ्यात चालत नसे. वपन न केलेल्या बाईला घरात जगणे अवघड व्हावे, अशीच ही सारी मांडणी होती.

पुरुषाला टवटवी देणारे आणि बाईला आयुष्यातून उठवणारे हत्यार एकच होते. ते चालवणारा हातही एकच होता. या हाताकडे समाजसुधारकांचे लक्ष फार उशिरा गेले.

ठाण्याचा मुलगा, गिरणीतला कारकून

नारायण लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाण्यात एका फुलमाळी कुटुंबात झाला. घराण्याचे मूळ गाव पुणे जिल्ह्याच्या खेड तालुक्यातील कन्हेरसर. घरची परिस्थिती बेताची होती. शालेय शिक्षण ठाण्यातच झाले आणि पुढे शिकण्याऐवजी नोकरी धरावी लागली. रेल्वे आणि टपाल खात्यात काही काळ काम केल्यानंतर ते मुंबईत मांडवी येथील कापड गिरणीत भांडारपाल म्हणून रुजू झाले.

ही नोकरी त्यांच्या आयुष्याला वळण देणारी ठरली. कापसाच्या गिरण्यांनी तेव्हा मुंबईचे रूप पालटण्यास सुरुवात केली होती. कोकणातून आणि घाटावरून माणसांचे लोंढे येत होते. गिरणीचे काम उजाडताच सुरू होई आणि मावळेपर्यंत चाले. म्हणजे उन्हाळ्यात दिवस लांबला की कामही लांबे. दुपारी जेवायला ठरलेली वेळ नव्हती. पगार महिना उलटून गेला तरी हाती पडत नसे. आठवड्याची सुट्टी ही कल्पनाच नव्हती. सणावारी यंत्रे थांबत, पण अशा दिवशीही ती पुसून साफ करण्यासाठी कामगारांना बोलावले जाई. सात-आठ वर्षांची मुले यंत्रांखाली वाकून काम करीत. भांडाराच्या टेबलामागे बसलेला हा तरुण हे सारे दररोज पाहत होता. त्याची नोकरी पांढरपेशी होती आणि ती गप्प राहिल्यास सुखाने टिकणारी होती.

पुण्यात जन्मलेले पत्र

याच काळात लोखंडे यांचा जोतीराव फुले यांच्या विचारांशी संबंध आला. जोतीरावांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना केली होती. समाजाचे मुंबईतील काम पुढे लोखंडे यांनी अंगावर घेतले.

सत्यशोधकांना स्वतःचे वर्तमानपत्र हवे होते. भांबुर्ड्याचे, म्हणजे आजच्या शिवाजीनगरचे, कृष्णराव भालेकर यांनी १ जानेवारी १८७७ रोजी पुण्यात ‘दीनबंधू’ हे साप्ताहिक सुरू केले. शेतकरी आणि कष्टकऱ्यांची बाजू मांडणारे ते आरंभीचे मराठी पत्र. वर्गणीदार कमी आणि खर्च मोठा, अशा अवस्थेत भालेकरांना ते चालवणे अशक्य झाले. १८८० मध्ये पत्र मुंबईला आले आणि लोखंडे यांनी संपादकपद स्वीकारले. त्यासाठी त्यांनी गिरणीतील नोकरी सोडली. वयाच्या बत्तिसाव्या वर्षी बांधलेला पगार सोडून तोट्यातले पत्र हाती घेणे हा व्यवहारी माणसाचा निर्णय नव्हता. तो त्यांनी घेतला आणि अखेरपर्यंत निभावला.

जोतीरावांशी त्यांचे नाते निव्वळ भक्तिभावाचे नव्हते. १८८३ मध्ये जोतीरावांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ हा ग्रंथ ‘दीनबंधू’तून क्रमशः प्रसिद्ध होऊ लागला. सुरुवातीची प्रकरणे छापून झाल्यावर लोखंडे यांनी पुढची छापणे थांबवले. सरकारवरील टीकेची धार त्यांना पत्राच्या जिवावर बेतणारी वाटली असावी. जोतीराव संतापले आणि या भित्रेपणाबद्दल त्यांनी आपली नाराजी लेखी नोंदवून ठेवली. लोखंडे यांचा स्वभाव येथे दिसतो. ते तोडून टाकणारे नव्हते, जोखून पाऊल टाकणारे होते. सरकारशी अर्ज-विनंत्यांच्या भाषेत बोलणे आणि त्याच वेळी हजारो माणसांना एका मैदानात उभे करणे, या दोन्ही गोष्टी त्यांना जमत. जोतीरावांच्या मानाने हा मार्ग मवाळ होता. पुढच्या सात वर्षांत त्यातून काय निघाले, हे पाहिल्यावर त्याला दुबळा म्हणता येत नाही.

अर्जाची ताकद

१८८१ साली देशात पहिला कारखाना कायदा आला. सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास त्याने मनाई केली आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलांचे काम नऊ तासांवर आणले. मोठ्या माणसांसाठी त्यात काहीच नव्हते. सप्टेंबर १८८४ मध्ये लोखंडे यांनी परळ आणि भायखळा भागात गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. तेथे एक निवेदन तयार झाले आणि त्यावर सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्या अथवा निशाण्या झाल्या.

मागण्या अगदी साध्या होत्या. दर रविवारी सुट्टी मिळावी. दुपारी अर्धा तास विसावा मिळावा. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत मिळावा. काम करताना इजा झाली तर बरे होईपर्यंत वेतन मिळावे आणि कायमचे अपंगत्व आले तर निर्वाहाची सोय व्हावी. आज या गोष्टी कोणाला मागणीसारख्या वाटणारही नाहीत. त्या काळात मात्र गिरणी मालकांना त्या उद्दाम वाटल्या. मुंबईतील कामगारांच्या संघटनेचा, म्हणजेच मिलहँड्स असोसिएशनचा, आरंभ याच धडपडीतून झाला. तिला वर्गणी नव्हती की घटना नव्हती. संघटनेचे कार्यालय म्हणजे ‘दीनबंधू’ची कचेरी आणि संघटनेचा कारभारी म्हणजे लोखंडे.

या सहा वर्षांत लोखंडे यांना एक गोष्ट उमगली असली पाहिजे. कष्टकऱ्याकडे पैसा नसतो, पद नसते, मतही नसते. त्याच्याकडे असतो तो फक्त हात. तो हात त्याने आवरला की मालकाचे अडते. ही समज त्यांनी गिरणीच्या फाटकात मिळवली आणि तिचा एक धीट वापर गिरणीच्या बाहेर करून पाहिला.

वस्तरे थांबले तेव्हा

केशवपनाच्या चालीवर पुण्यात आणि मुंबईत तोपर्यंत पुष्कळ बोलले गेले होते. जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी १८६३ मध्ये पुण्यातील आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडून फसवल्या गेलेल्या विधवांना बाळंतपणासाठी आसरा दिला होता. तेथेच जन्मलेल्या काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेच्या मुलाला त्यांनी दत्तक घेतले. तोच डॉक्टर यशवंत. गोपाळ गणेश आगरकर ‘सुधारक’ पत्रातून वपनाच्या चालीवर कठोर प्रहार करीत होते. पंडिता रमाबाईंनी मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले, ते पुढच्याच वर्षी पुण्यात आले. हरि नारायण आपटे यांच्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून ‘पण लक्षांत कोण घेतो’ ही कादंबरी १८९० पासून येऊ लागली आणि तिच्यातील यमूच्या नशिबी आलेला वस्तरा मध्यमवर्गीय घरांच्या माजघरापर्यंत पोहोचला.

हे सारे लेखन, या साऱ्या संस्था त्या घरांना उद्देशून होत्या ज्यांच्या सुना-लेकींचे वपन होत होते. घरातील कर्त्या पुरुषाचे मन पालटले तर चाल थांबेल, अशी त्यामागची अपेक्षा होती. लोखंडे यांनी प्रश्न दुसऱ्या टोकाने धरला. कर्त्या पुरुषाने हुकूम सोडला तरी तो स्वतः वस्तरा चालवत नाही. शास्त्रीबोवा शास्त्रार्थ सांगतात, पण तेही वस्तरा चालवत नाहीत. तो चालवतो एक कारागीर, ज्याच्या जातीत ही चालच नाही आणि ज्याला या प्रकारात एक-दोन आण्यांपलीकडे काही मिळत नाही. त्याने नकार दिला तर?

१८९० च्या वसंतात मुंबईत नाभिक समाजाची सभा भरली. काही शे कारागीर तिला जमले होते. सत्यशोधक विचारांच्या प्रभावाखाली आणि लोखंडे यांच्या पुढाकाराने विधवांचे केशवपन यापुढे करायचे नाही, असा निर्धार तेथे झाला. या घटनेचे अप्रूप इतके होते की लंडनच्या ‘टाइम्स’ने एप्रिल १८९० मध्ये तिची दखल घेतली. हिंदुस्थानातील उच्चवर्णीय स्त्रीच्या सन्मानासाठी ज्यांना खालचे मानले जाते अशा कारागिरांनी आपल्या कामाचा एक भाग सोडून द्यावा, ही बातमी तेथील वाचकालाही विलक्षण वाटली.

या निर्धाराची किंमत आज सहज लक्षात येत नाही. नाभिकाचे गिऱ्हाईक म्हणजे माणूस नसून घर असे. विधवेच्या वपनाला नकार देणे म्हणजे त्या घरातील सासरे, दीर, पुतणे या साऱ्यांच्या हजामतीवर पाणी सोडणे. धर्म बुडवल्याचा ठपका वेगळाच. शिवाय एकाने नकार दिला तर दुसऱ्या आळीतून कोणी तरी मिळण्याचा धोका होता. म्हणूनच एकट्यादुकट्याच्या सद्बुद्धीने भागणारे नव्हते. सगळ्यांनी मिळून ठरवणे आवश्यक होते. पापाचा भागीदार होऊ नका, एवढे सांगून लोखंडे थांबले नाहीत. त्यांनी त्या माणसांना एकत्र बसवले, कारण एकत्र बसल्याशिवाय नकार टिकत नाही, हे त्यांनी गिरणगावात अनुभवले होते.

या संपाने केशवपनाची चाल संपली नाही. ती त्यानंतरही अनेक दशके महाराष्ट्रात टिकून राहिली आणि विसाव्या शतकातील अनेक घरांनी आलवणातल्या आत्या, आज्या पाहिल्या. चाल पुढे ओसरली ती मुलींचे शिक्षण, लग्नाचे वाढलेले वय, विधवाविवाहांना मिळालेली मान्यता आणि धोंडो केशव कर्वे यांच्यासारख्यांचे काम यांच्या एकत्रित परिणामाने. कर्वे यांनी १८९३ मध्ये स्वतः विधवेशी विवाह केला आणि १८९६ मध्ये पुण्यात अनाथ बालिकाश्रम स्थापन केला. पण चाल मोडण्याच्या या लांबलेल्या इतिहासात नाभिकांचा नकार वेगळा उठून दिसतो. ज्यांचा त्या चालीशी धर्माने संबंध नव्हता, त्यांनी ती आपल्या हाताने होऊ द्यायची नाही असे ठरवले. सुधारणा ही शिकलेल्यांनी न शिकलेल्यांना द्यायची वस्तू आहे, या समजाला त्यांनी छेद दिला.

जूनची दहा तारीख

वस्तऱ्यांचा निर्धार ताजा असतानाच लोखंडे यांनी रविवारचा प्रश्न शेवटाकडे नेला. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर कामगारांची सभा झाली. सुमारे दहा हजार माणसे जमली होती. दोन कामगार स्त्रियांनी त्या सभेत भाषणे केली. ज्या काळात वरिष्ठ वर्गातील बाई चारचौघांत तोंड उघडत नव्हती, त्या काळात गिरणीत राबणाऱ्या दोन बायका हजारो पुरुषांसमोर आपल्या श्रमाचा हिशेब मांडत होत्या. साप्ताहिक सुट्टीची मागणी करणारा अर्ज गिरणी मालक संघाकडे गेला आणि १० जून १८९० रोजी संघाने रविवारची सुट्टी मान्य केली.

रविवार हा खंडोबाचा वार. जेजुरीच्या पायऱ्या चढणाऱ्या घाटावरच्या कामगाराला त्या दिवसाचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नव्हते. लोखंडे यांनी सुट्टीसाठी हाच दाखला दिला, असे परंपरेने सांगितले जाते. साहेबाच्या चर्चचा दिवस आणि कामगाराच्या कुलदैवताचा दिवस एकच असल्याने मागणी दोन्ही बाजूंना पटण्यासारखी होती, हे मात्र खरे.

त्याच वर्षी सरकारने कारखाना कामगारांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी आयोग नेमला. मुंबईतील कामकाजात लोखंडे यांचा समावेश करण्यात आला. आयोगाच्या शिफारशींनंतर १८९१ चा कारखाना कायदा आला. त्याने सर्व कामगारांना आठवड्यातून एक दिवस सुट्टी आणि दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती दिली. स्त्रियांचे काम अकरा तासांवर आणले आणि मुलांसाठी किमान वय नऊ वर्षे केले. १८८४ च्या निवेदनातील सगळ्या मागण्या पदरात पडल्या नाहीत. दुखापतीच्या भरपाईचा कायदा देशात येण्यास १९२३ साल उजाडावे लागले.

या यशाचे वर्ष संपता संपता जोतीराव गेले. १८८८ मध्ये अर्धांगवायूने त्यांचा उजवा हात निकामी झाला होता आणि शेवटचा ग्रंथ त्यांनी डाव्या हाताने लिहून काढला होता. २८ नोव्हेंबर १८९० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. सात वर्षांपूर्वी ज्याच्यावर भित्रेपणाचा ठपका ठेवला, त्या शिष्याने त्या वर्षात वस्तऱ्यालाही थांबवले होते आणि गिरणीच्या भोंग्यालाही.

अखेरचा हिवाळा

ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुस्लिम दंगल उसळली. गिरणगावातील कामगार वस्त्या तिच्यात होरपळल्या. लोखंडे यांनी दोन्ही समाजांत फिरून सलोख्याचे काम केले आणि राणीच्या बागेत मोठी ऐक्य सभा घडवून आणली. १८९५ मध्ये सरकारने त्यांना रावबहादूर हा किताब दिला. एकेकाळचा भांडारपाल आता मुंबईतील मान्यवरांत गणला जाऊ लागला. राहणी मात्र बदलली नाही आणि ‘दीनबंधू’ही कधी श्रीमंत झाला नाही.

१८९६ च्या उत्तरार्धात मुंबईत ग्रंथिक संनिपाताची, म्हणजे प्लेगची, साथ आली. ज्यांना शक्य होते ते शहर सोडून निघाले. गिरण्या ओस पडू लागल्या. ज्यांना जायला जागा नव्हती, ते कामगार चाळींतील अंधाऱ्या खोल्यांत मरत होते. सरकारी रुग्णालयांची लोकांना धास्ती वाटे, म्हणून आपल्या माणसांसाठी वेगळे रुग्णालय उभारण्याच्या खटपटीत लोखंडे पडले. रुग्णांमध्ये वावरतानाच त्यांना संसर्ग झाला आणि फेब्रुवारी १८९७ मध्ये त्यांचे निधन झाले. वय अवघे एकोणपन्नास.

महिन्याभरात तीच साथ पुण्यात सावित्रीबाईंना घेऊन गेली. मुलगा यशवंत याने रुग्णांसाठी उघडलेल्या दवाखान्यात सेवा करताना त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांनी देह ठेवला. बालहत्या प्रतिबंधक गृह चालवणारी स्त्री आणि वस्तरे थांबवणारा पुरुष, दोघेही एकाच आजाराने आणि एकाच कारणाने गेले. दोघांनीही पळून जाणे नाकारले.

काय उरले

लोखंडे यांच्या नावाने परळ येथे राज्य शासनाची श्रमविज्ञान संस्था आहे. २००५ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट निघाले. ‘दीनबंधू’चे जुने अंक संशोधकांपुरते उरले आहेत. रविवारची सुट्टी मात्र इतकी मुरली आहे की ती कोणी तरी मागून मिळवली, हेच लोक विसरले.

वस्तऱ्याचेही दिवस पालटले. अमेरिकेत किंग कँप जिलेट यांनी १९०३ मध्ये बदलत्या पात्याचे यंत्र बाजारात आणले आणि पुरुष आपली दाढी आपल्या हाताने रोज करू लागला. घरी येणारा नाभिक दुकानात बसू लागला. एड्सच्या साथीनंतर दुकानातला अखंड पात्याचा वस्तराही मागे पडला आणि दर गिऱ्हाइकाला नवे अर्धे पाते लावण्याची पद्धत रुळली. जुने शिंगाच्या मुठीचे वस्तरे आता हौशी माणसांकडे पोहोचले आहेत. जुन्या वस्तूंच्या बाजारातून गंजलेले पाते शोधायचे, दगडावर महिनोन् महिने धार धरायची, पट्टा टांगायचा आणि रोज सकाळी दहा मिनिटांचे काम अर्धा तास चवीने करायचे, असा छंद शहरातील काही तरुणांनी जोपासला आहे. घाईच्या आयुष्यात स्वतःच्या गालावर इतके लक्ष देणे त्यांना आनंदाचे वाटते. त्यात वावगे काही नाही. ते हत्यार सुंदर आहे आणि त्याला सावकाशपणाच शोभतो.

त्या सुंदर पात्याला एक इतिहास आहे, एवढे मात्र हातात घेणाऱ्याने जाणून असावे. त्याने पेठांतील वाड्यांच्या मागच्या दारी काय केले, आणि एका वर्षी ते करायला त्याने कसा नकार दिला, या दोन्ही गोष्टी त्या इतिहासात येतात.

महाराष्ट्रातील पुष्कळ केशकर्तनालये आजही सोमवारी बंद असतात. रविवारी सारे शहर सुट्टीवर असते, तेव्हा नाभिकाचा हात सर्वांत जास्त चालतो, म्हणून त्याची विश्रांती एक दिवस पुढे सरकली. लोखंडे यांनी मिळवलेला रविवार त्याच्या वाट्याला सोमवारच्या रूपाने आला. ज्या समाजाने एकदा त्यांच्या शब्दाखातर वस्तरा खाली ठेवला, त्याच्याकडे ही सुट्टी उशिरा का होईना, पोहोचली.